कंबर बांधून पाहिली

औषधांच्या दुकानातून आणलेल्या कंबरपट्ट्याच्या खोक्यावर एका धडधाकट तरुणाचे पाठमोरे चित्र आहे आणि त्याच्या कमरेवर लाल वर्तुळ काढलेले आहे. त्या तरुणाची कंबर दुखत असेल असे त्याच्या उभे राहण्याच्या ऐटीवरून मुळीच वाटत नाही. माझी मात्र दुखत होती. दिवाळीच्या साफसफाईत गव्हाची अर्धी भरलेली कोठी भिंतीपासून वीतभर पुढे ओढताना कमरेत जी कळ आली, ती फराळ संपला, पाहुणे परतले, कनिष्ठ महाविद्यालयाचे दुसरे सत्र सुरू झाले तरी गेली नव्हती. फळ्याच्या खालच्या भागात आकृती काढायची म्हटली की विद्यार्थ्यांकडे पाठ करून मी आधी दोन क्षण टेबलाचा आधार शोधत असे.

डॉक्टरांनी मला पालथे झोपवून, पाय उचलायला लावून, टाचांवर आणि चवड्यांवर चालवून पाहिले. पायात मुंग्या येतात का, लघवीवरचा ताबा गेला आहे का, बैठकीच्या जागी बधिरपणा आहे का, ताप किंवा अकारण वजन घटणे असे काही आहे का, हे सगळे विचारले. प्रत्येक उत्तर नकारार्थी आल्यावर ते म्हणाले की एमआरआयची गरज नाही. मला खरे तर तो काढून हवा होता. दुखण्याचा फोटो हाती असला की दुखण्याला प्रतिष्ठा येते. त्यावर त्यांनी एक गोष्ट सांगितली आणि ती मी नंतर स्वतः वाचून खात्री करून घेतली. कंबर अजिबात दुखत नसलेल्या माणसांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पन्नाशीच्या वयाला सुमारे ८० टक्के लोकांत मणक्यांमधल्या चकतीची झीज आणि सुमारे ६० टक्क्यांत फुगलेली चकती आढळली होती. म्हणजे माझ्या वयाच्या माणसाचा फोटो काढला तर त्यात काही ना काही सापडणारच, आणि सापडलेले तेच दुखते आहे असे म्हणता येणार नाही. कमरेच्या बहुतेक दुखण्यांचे असे एकच बोट ठेवता येण्याजोगे कारण मिळत नाही.

पट्टा त्यांनी लिहून दिला नव्हता, तो मी आपल्या मनाने घेतला. नऊ इंच रुंदीचे जाड इलॅस्टिक, पाठीकडे शिवलेल्या चार पोलादी पट्ट्या आणि पोटावर चिकटणारे वेल्क्रो. शिक्षकखोलीत तो सैल करताना असा फाडल्यासारखा आवाज होई की तपासणीच्या गठ्ठ्यांवरून सगळ्या माना एकदम वर येत. चौथ्या दिवशी मला बरे वाटू लागले, आणि त्याच दिवशी माझ्यातला भौतिकशास्त्राचा शिक्षक अस्वस्थ झाला. माणूस पट्टा घेतो तो दुखणे अगदी टिपेला पोहोचलेले असताना, आणि टिपेला पोहोचलेले दुखणे एरवीही पुढे उतरतेच. ताप उतरणीला लागल्यावर पाजलेल्या काढ्याला जसे आयते श्रेय मिळते, तसे ते पट्ट्याला मिळत नव्हते कशावरून?

आईला असा प्रश्न पडण्याचे कारणच नव्हते. पट्टा पाहून ती म्हणाली की यात नवीन ते काय. आमच्याकडे बाळंतिणीचे पोट आणि कंबर जुन्या लुगड्याच्या मऊ पट्टीने घट्ट आवळून बांधत. तिच्या आईने तिची बांधली होती आणि तिने माझ्या बहिणीची. धुळ्याकडच्या आमच्या आजोळी नांगर धरणारा माणूसही धोतरावर रुमाल कसून बांधल्याशिवाय वावरात पाऊल टाकत नसे. मराठीत कामाला लागणे म्हणजे कंबर कसणे, हा आमच्या आजोबांच्या लेखी वाक्प्रचार नव्हता, सकाळी सहाला करण्याची कृती होती.

तेवढ्यात भाचा आला. तो अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि त्याच्या गटाने प्रकल्पासाठी जे उपकरण निवडले होते, ते कमरेला आवळायचे नव्हते, पाठीवर घालायचे होते. दप्तराला असतात तसे दोन खांदपट्टे, तिथून पाठीवरून खाली उतरणाऱ्या रबराच्या दोन रुंद पट्ट्या आणि त्यांची खालची टोके पकडून ठेवणारी मांड्यांभोवतीची दोन कडी. माणूस वाकला की रबर ताणले जाते, उठू लागला की ते वर खेचते. उपकरणाला कमरेपाशी अडकवण्या-सोडण्याची एक आकडी होती. चालताना ती सोडली की रबर सैल पडे, नाहीतर प्रत्येक पावलाला मांडी मागे ओढली जाई. “मामा, तुमची कंबर दुखते आहे तोवर आम्हाला चाचणी घेऊ द्या,” असे तो अगदी प्रामाणिकपणे म्हणाला. भाच्याने मामाची कंबर बरी होण्याआधी गाठण्याची घाई करावी हे मला थोडे लागले, पण त्याचे म्हणणे शास्त्राला धरून होते.

त्या रात्री आम्ही दोघांनी जेवणाच्या टेबलावर तरफेचा हिशेब मांडला. माझे वजन ६८ किलो. त्यातला कमरेच्या वरचा भाग साधारण ३८ किलो धरला. मी वाकलो की त्या भागाचा गुरुत्वमध्य कमरेच्या मणक्यापुढे सुमारे २२ सेंटिमीटरवर जातो, आणि त्याला मागून तोलून धरणारे पाठीचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम ५ सेंटिमीटरवर असतात. म्हणजे हातात काहीही न धरता, निव्वळ खाली पडलेला खडू पाहायला वाकलो तरी त्या स्नायूंना सुमारे १६७ किलोंची ओढ द्यावी लागते, आणि तेवढ्याच दाबाने ते मणक्यांना एकमेकांवर आवळतात. कमरेचे खरे ओझे आपल्याच स्नायूंचे असते. भाच्याच्या उपकरणातली हुशारी अशी की रबर कातडीच्या बाहेरून जाते, त्यामुळे त्याचे मणक्यापासूनचे अंतर स्नायूंच्या जवळपास दुप्पट, सुमारे १० सेंटिमीटर पडते. ताणकाट्यावर मोजले तेव्हा मी वाकलेल्या स्थितीत दोन्ही पट्ट्या मिळून १० किलोंनी खेचत होत्या. त्या १० किलोंमुळे स्नायूंची ओढ २० किलोंनी कमी होणार होती. आठवा हिस्सा. मला वाटले होते त्याहून हे फारच कमी होते आणि भाच्याला वाटले होते त्याहूनही, पण खोक्यावरच्या लाल वर्तुळापेक्षा हा आकडा मला जास्त भरवशाचा वाटला.

जानेवारीपासून आठ आठवडे नोंदी ठेवायचे ठरले. पहिले दोन आठवडे काहीच बांधायचे नाही, पुढचे दोन कंबरपट्टा, मग दोन पुन्हा मोकळे आणि शेवटचे दोन भाच्याचे उपकरण. रोज रात्री नऊला दुखण्याला शून्य ते दहा यांतला एक आकडा द्यायचा आणि आदल्या दिवशीचा आकडा न पाहता तो वहीत लिहायचा. शिवाय दिवसातून किती वेळा वाकलो तेही मोजायचे. त्यासाठी मी आईचे जपयंत्र मागून घेतले. बोटात अंगठीसारखे घालायचे ते छोटे यंत्र, बटण दाबले की आकडा एकाने वाढतो. आईने ते दिले, पण नाखुशीने. रामनाम मोजणाऱ्या वस्तूने माझे वाकणे मोजावे हे तिला रुचले नव्हते, आणि तिच्या जागी मी असतो तर मलाही रुचले नसते.

कंबरपट्ट्याचे दोन आठवडे लवकर सांगून होण्यासारखे आहेत. मोटारसायकलवर गतिरोधकांवरून जाताना त्याचा आधार वाटे, सराव परीक्षेचे गठ्ठे तपासायला तीन-तीन तास बसलो की तो बरगड्यांखाली रुते, आणि दुपारी त्याच्याखालचा सदरा पिळून काढण्याजोगा होई. पौष महिन्यात ही गत, तर खानदेशच्या वैशाखात तो पट्टा बांधून कोणी हिंडेल अशी कल्पनाच करवत नाही. पण एक गोष्ट मला पटली. पट्टा वजन उचलत नाही, तो आठवण करून देतो. बेसावधपणे वाकायला गेलो की पोलादी पट्टी पाठीत टोचते आणि माणूस आपोआप गुडघ्यात वाकतो. ही आठवण दुखणे टाळायला पुरते का, हे अमेरिकेत फार मोठ्या प्रमाणावर तपासून झाले आहे. एका किरकोळ विक्रीच्या साखळीतल्या १६० नव्या दुकानांतल्या, माल हलवणाऱ्या नऊ हजारांहून अधिक कामगारांवर दोन वर्षे नजर ठेवून २००० साली निष्कर्ष मांडला गेला, तो असा की पट्टा रोज बांधणाऱ्यांत आणि न बांधणाऱ्यांत पाठदुखीच्या प्रमाणात फरक दिसत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दीर्घकाळच्या कंबरदुखीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांतही व्यायाम, समजावून सांगणे आणि मनाचा आधार देणे यांची शिफारस आहे, तर कंबरपट्टे नेहमीचा उपचार म्हणून वापरू नयेत असे स्पष्ट म्हटले आहे. हे वाचले तेव्हा पट्टा माझ्या कमरेलाच होता. मी तो लगेच सोडला नाही, कारण दोन आठवडे पुरे व्हायचे होते.

भाच्याच्या उपकरणाचा त्रास वेगळ्या जातीचा होता. पाठ उत्तम, खांदे ठीक, सगळे घोडे अडत होते मांडीवर. वाकले की रबर मांडीची कडी वर खेचे, दहा-बारा वाकण्यांत ती जांघेपर्यंत सरके, आणि तिथे आल्यावर जे काही व्हायचे ते सभ्य शब्दांत लिहिता येत नाही. भाच्याने कड्यांच्या आतून सायकलच्या ट्यूबचे तुकडे शिवून पाहिले, त्याने सरकणे थांबले पण मांडीला लाल वळ उठले. शेवटी गुडघ्याखालून एक बंद घेतला तेव्हा कुठे ते प्रकरण जागेवर राहिले. ग्रंथालयात खालच्या फडताळातली पुस्तके लावताना मात्र पहिल्यांदा स्पष्ट जाणवले की कोणीतरी मागून हलकेच सदऱ्याला धरून उठवते आहे. उत्तरपत्रिका तपासायला बसलो की त्याचा काडीचाही उपयोग नव्हता, आणि का नव्हता हे तरफेने आधीच सांगितले होते.

खरी चाचणी झाली ती चोपड्याजवळ, बहिणीच्या शेतात, फेब्रुवारीतल्या एका रविवारी. तिच्याकडे एका बाजूला केळीची बाग आहे आणि विहिरीपलीकडच्या तुकड्यात कपाशीची फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही न उपटता राखलेले पीक, अजून उभी होती. गुलाबी बोंडअळीच्या भीतीने फरदड ठेवू नये असे कृषी खाते सांगते, पण शेवटची बोंडे सोडवत नाहीत. भाच्याला वाटत होते की केळीची कापणी करणारे लोक हे उपकरण डोक्यावर घेऊन नाचतील. मुकादमाने ते पँटवर चढवले, आरशात पाहावे तसे मान वळवून स्वतःला मागून पाहिले, आणि वीस-पंचवीस किलोंचा एक घड चुंबळीवर घेऊन बांधापर्यंत गेला. असे चार घड नेऊन झाल्यावर तो परत आला आणि बंद सोडता सोडता म्हणाला, “वझं ते डोकावर शे, कंबरले कसाले बांधू?” भाच्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मुकादमाने पदविकेशिवाय तरफ सांगितली होती. डोक्यावरचे ओझे मणक्याच्या बरोबर वर असते, ते पुढे जातच नाही, मग मागून खेचणारे रबर कोणाशी झुंजणार? पांढऱ्या खांदपट्ट्यांवर केळीचा चीक लागला होता आणि तो पुढे काळपट तपकिरी झाला. कोणत्याही साबणाने तो जाणार नाही हे खानदेशात लहान मुलालाही सांगावे लागत नाही.

कपाशीत पाच बाया वेचणी करत होत्या. लुगडी-साड्यांवर नवऱ्याचे जुने सदरे, डोक्याला रुमाल, आणि पोटावर बांधलेल्या कापडी झोळीत वेचलेला कापूस. झोळी भरत आली की चार-पाच किलो होते आणि ते सगळे पोटापुढे लोंबते, म्हणजे जिथे नको तिथेच. इथे उपकरणाला काम होते. भाच्याने हिशेबही लगेच केला. त्यांतल्या वयस्क बाईंना तो दाखवायला गेला तर त्यांनी कडी हातात घेतली, उलटी करून पाहिली आणि विचारले, “लुगडावर कसं बांधानं?” आम्ही दोघेही गप्प झालो. आठ आठवड्यांची आखणी, ताणकाटा, गुडघ्याखालचा बंद, या सगळ्यात एका क्षणीही आमच्या डोक्यात आले नव्हते की कमरेत वाकून दिवस काढणाऱ्या आमच्या मुलखातल्या निम्म्याहून अधिक माणसांना मांडीला कडे बांधताच येत नाही. आम्ही उपकरण पँटीसाठी केले होते. त्या बाईंनी सदरा वर करून आपली कंबर दाखवली. जुन्या साडीची पट्टी तीन वेढे देऊन, डाव्या कुशीवर गाठ मारून बांधली होती. “मनी कंबर दुखस, म्हनीसन हाई बांधस.” बरे वाटते का, असे मी विचारले तर त्या हसल्या आणि पुन्हा वाकल्या.

मी जपयंत्र त्यांच्या हाती द्यावे असा विचार आधी केला होता, तो तिथल्या तिथे सोडून दिला. बांधावर बसून मी घड्याळ लावले. त्या बाई ओळीच्या या टोकाकडून मधल्या लिंबाच्या झाडापर्यंत जाईपर्यंत अकरा मिनिटे झाली आणि तेवढ्या वेळात त्या एकदाही सरळ उभ्या राहिल्या नाहीत. माझ्या यंत्राने त्याची नोंद एक अशी केली असती. दिवसभर वाकून राहणे हा वेगळाच प्रकार आहे. माणूस पूर्ण वाकतो तेव्हा पाठीचे स्नायू बऱ्याच अंशी शांत होतात आणि भार मणक्यांना बांधणाऱ्या अस्थिबंधांवर जातो, ते हळूहळू ताणले जातात आणि लगेच मूळ जागी येत नाहीत. म्हणून उठताना हात गुडघ्यावर टेकून, टप्प्याटप्प्याने उठावे लागते. त्या बाई ओळ संपल्यावर तशाच उठल्या.

मार्चच्या सुरुवातीला वहीचा हिशेब केला. पहिल्या दोन मोकळ्या आठवड्यांत दुखण्याची सरासरी साडेपाच, पट्ट्याच्या आठवड्यांत साडेचार, पुन्हा मोकळ्या आठवड्यांत सव्वाचार आणि उपकरणाच्या आठवड्यांत चार. दहाच्या मापावर दोनाहून कमी फरक साधारणपणे दखल घेण्याजोगा मानत नाहीत, आणि माझा आठ आठवड्यांचा सगळा फरक दीड होता. पट्टा काढल्यावर दुखणे वाढायला हवे होते, ते उलट किंचित उतरले. वाकण्याच्या आकड्यांनी तर फजितीच केली. पहिल्या आठवड्यात रोजचे सरासरी १४८, दुसऱ्या आठवड्यात १२०, आणि तेव्हा कमरेला काहीच बांधलेले नव्हते. पट्ट्याच्या काळात ९२, पुन्हा मोकळे असताना १०१, उपकरणासह ८८. म्हणजे पट्ट्याच्या काळात झाली तेवढीच घट त्याआधीच, कमरेला काहीच नसताना, बोटातल्या जपयंत्राने घडवली होती. मोजले जाते आहे हे कळले की माणूस कमी वाकतो. चाचणीत मी एक उपकरण गृहीतच धरले नव्हते आणि तेही काम करून गेले होते.

आणखी एक घोळ मी स्वतः घातला. नोंदी पाहता पाहता दिसले की १४८ पैकी साठाहून अधिक वाकणी सकाळी नऊच्या आत होतात. नळाला पाणी येण्याच्या दिवशी बादल्या भरणे, त्या उचलून टाकीत ओतणे, तुळशीला पाणी, बुटांच्या नाड्या. १९९९ साली एका निरोगी स्वयंसेवकाच्या कमरेच्या चकतीत दाब मोजणारे साधन बसवून सुमारे दिवसभर मापे घेतली गेली होती. त्यात झोपेच्या सात तासांत चकतीतला दाब दुपटीहून अधिक वाढलेला दिसला, कारण भार उतरला की चकती पाणी शोषून फुगते. त्याच प्रयोगात २० किलोंचे ओझे पाठ वाकवून उचलताना जेवढा दाब आला, त्याहून गुडघे वाकवून उचलताना तो सुमारे पाव हिश्शाने कमी भरला. सारा प्रयोग एका माणसावरचा, तरी जगभर दाखला म्हणून दिला जातो, हे वाचून माझ्या वहीबद्दल मला थोडा धीर आला. त्याआधी, १९९८ साली, पहाटे उठल्यावरच्या पहिल्या काही तासांत वाकणे टाळायला सांगितलेल्या लोकांचे जुने दुखणे कमी झाल्याचे एका अभ्यासात दिसले होते. हे सगळे मी फेब्रुवारीच्या आरंभी, म्हणजे दुसऱ्या मोकळ्या आठवड्यांतच वाचले आणि न राहवून बादल्या स्टुलावर ठेवायला सुरुवात केली. त्यामुळे सव्वाचारमध्ये स्टुलाचा वाटा किती आणि काळाचा किती, हे आता कोणालाही सांगता येणार नाही. विद्यार्थ्याने प्रयोगवहीत असे काही केले असते तर मी त्याला पुन्हा प्रयोग करायला लावला असता.

भाच्याच्या गटाचा अहवाल अजून लिहून व्हायचा आहे. परवा तो माझ्या बहिणीकडून एक जुना परकर घेऊन गेला. मांडीच्या कड्याऐवजी परकराच्या आतून, गुडघ्याखाली बसेल असा रुंद बंद शिवता येईल का, आणि झोळी पोटावरून काढून दोन्ही कुशींना अर्धी अर्धी विभागता येईल का, हे तो पाहतो आहे. कार्यशाळेतल्या शेगड्यात, म्हणजे वस्तू घट्ट धरून ठेवणाऱ्या पकडीत, परकर आवळून त्याचा ताण मोजताना त्याच्या सरांनी पाहिले तेव्हा काय झाले, हे त्याने फोनवर सविस्तर सांगितले, पण ते त्याचे त्यालाच सांगू द्यावे. झोळीचे मला पटते, कारण त्यात बांधायचे नवीन काही नाही, आहे तेच ओझे मणक्याच्या जवळ आणायचे आहे. परकराच्या नाडीवर तो ताण आला तर ती कंबर कापेल, असे बहीण म्हणाली, आणि तिचे म्हणणे त्याने वहीत लिहून घेतले आहे.

कंबरपट्टा मी खोक्यात घालून कपाटावर ठेवला आहे. लांबच्या प्रवासात, मोटारसायकलवर, अजून कधीमधी काढतो. अहवाल काही सांगत असले तरी गतिरोधकावर तो बरा वाटतो, एवढे मी लपवत नाही. जपयंत्र आईला परत दिले तेव्हा त्यावर ८४ हा आकडा होता आणि ते शून्यावर आणायला मी विसरलो होतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देवघरातून तिने हाक मारली. तिची १०८ ची माळ फार लवकर पुरी झाली होती, आणि त्यातली नामे किती नि तुझी वाकणी किती, ते मला आधी सांग, असे ती म्हणत होती.